‘सेल्फ’ कधी घेतो, कधी घेत नाही

पहाटेचे तीन वाजलेले असतात. काकडीची पोती आणि दोडक्याच्या पाट्या पिकअपमध्ये रात्रीच भरून ठेवलेल्या असतात. बेळगावच्या बाजारात वेळेवर पोहोचायचे असते. उशिरा आलेल्या मालाला कोण विचारतो? आपण किल्ली फिरवतो. इंजिनाखालून ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि पुढे काही नाही. पुन्हा किल्ली, पुन्हा ‘टक्’. तिसऱ्या वेळी तेवढाही आवाज येत नाही. चौथ्या वेळी मात्र इंजिन असे धडधडून सुरू होते, जणू काही झालेच नव्हते! आपण गाडी काढतो आणि दुपारपर्यंत सारे विसरून जातो.

शेतकरी बंधुभगिनींनो, हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. गाडी साफ बंद पडली तर तिची दुरुस्ती सोपी. पण जी गाडी घरी अडते आणि गॅरेजच्या दारात शहाण्या मुलासारखी वागते, तिचे काय करावे? आमच्या घरी २०२२ च्या पावसाळ्यात या दुखण्याने दोन महिने छळले. पैसा गेला, माल सडला, आणि शेवटी थोरल्या बंधूंचा पाय मोडला. खरा दोष सापडला तेव्हा दुरुस्तीला दोनशे रुपयेसुद्धा लागले नाहीत. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमचे गाव खानापूर तालुक्यात. पाऊस धो धो, आणि शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट म्हणजे निव्वळ चिखल. पिकअप जुनी, चार सिलिंडरची, डिझेलवर चालणारी. दादा ती चालवतात, पुतण्या मालाची चढउतार करतो. मी हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालो. गाडीत माझे काम शेजारी बसून हिशेब लिहिण्याचे.

जूनमध्ये किल्लीला पहिल्यांदा ‘टक्’ झाले. सर्वांनी सांगितले, बॅटरी गेली. ती चार वर्षांची होती, त्यामुळे आम्हांलाही पटले. नवी बॅटरी घातली. आठ-दहा दिवस गाडी चांगली चालली आणि पुन्हा पहिले पाढे. मग गॅरेजमध्ये सेल्फ खाली उतरवला, कार्बन बदलले, बुश बदलले. पुन्हा थोडे दिवस सुख, पुन्हा ‘टक्’. त्या कारागिराला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर आम्ही दहा वेळा किल्ली फिरवली आणि दहाही वेळा गाडी सुरू झाली. जो आजार वैद्यासमोर दिसतच नाही, त्यावर तो औषध काय देणार? तो अंदाजाने एकेक वस्तू बदलत गेला आणि आम्ही पैसे मोजत गेलो.

एका पहाटे तर गाडी सुरूच झाली नाही. दुसऱ्याची गाडी मिळेपर्यंत नऊ वाजले. बाजार संपला होता. चौदा पोती काकडी पडेल त्या भावाने दिली, आणि चार पोती परत आणून गुरांपुढे टाकली.

आता दादांच्या पायाची गोष्ट सांगतो, कारण या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना तिच्यात आहे.

किल्लीला गाडी दाद देईना, तेव्हा दादांनी एका ड्रायव्हरकडून शिकलेली युक्ती सुरू केली. बॉनेट उघडायचे, पुढच्या चाकापाशी उभे राहून आत वाकायचे, आणि सेल्फच्या मोठ्या नटावरून त्याच्या लहान टोकावर स्क्रूड्रायव्हर टेकवायचा. ठिणगी उडते आणि इंजिन फिरते. तीन-चार वेळा ही युक्ती साधली. दादांचा तर्क असा की, अर्थी किल्लीचा स्विच खराब आहे. आणखी एक खर्च आमच्या यादीत वाढला. जुलैच्या अखेरीस, ऐन भाताच्या रोपलावणीत, एका संध्याकाळी गाडी अंगणाच्या उतारावर उभी होती. हँडब्रेक नावापुरता, म्हणून ती पहिल्या गिअरमध्ये लावलेली. हे दादा विसरले. स्क्रूड्रायव्हर टेकताच गाडी पुढे झेपावली, चाक त्यांच्या उजव्या पावलावरून गेले आणि गाडी फणसाच्या झाडाला थडकून थांबली. पावलाची दोन हाडे मोडली. दोन महिने प्लास्टर आणि कुबड्या. त्या वर्षी आमची लावणी शेजाऱ्यांनी आणि वहिनींच्या माहेरच्या माणसांनी पूर्ण केली.

सेल्फ म्हणजे लहानशी मोटर असे आपण समजतो. पण भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये ढकलण्याची ताकद तिच्यात असते. किल्लीने गाडी सुरू करताना आपण आत बसलेले असतो, पाय क्लचवर असतो. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरतच नाही. स्क्रूड्रायव्हर ही सारी राखण ओलांडून थेट सेल्फला वीज देतो, आणि त्या वेळी ब्रेकवर कोणीही नसतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत तर या युक्तीपायी जगभर माणसे मागच्या चाकाखाली सापडून मेली आहेत. तेव्हा ही युक्ती करू नका, आणि आपल्या पोरांना करू देऊ नका. घाई कितीही असो.

दादा खाटेवर आणि गाडी अंगणात, अशा अवस्थेत एके दिवशी पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही आम्हांला शाळेत ओहमचा नियम शिकवलात. तो गाडीला लागू पडत नाही काय?”

मला लाज वाटली. तीस वर्षे फळ्यावर जे लिहिले, ते आपल्याच अंगणातल्या गाडीला मी कधी लावून पाहिले नव्हते.

आम्ही प्रथम एक वही केली आणि ती स्टेअरिंगजवळ दोरीने बांधली. गाडी अडली की आधी लिहायचे, मग पुढचा प्रयत्न. तारीख, वेळ. इंजिन गार की गरम. पाऊस की ऊन. गाडी कोणत्या रस्त्याने आली. किल्ली फिरवल्यावर आवाज कोणता आला, आणि दिवे मंद झाले की तसेच राहिले. तीन आठवडे पुतण्याने इमाने इतबारे लिहिले. वही वाचली तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. गाडी बहुतेक वेळा शेताच्या वाटेवरून हादरे खात आल्यानंतरच अडत होती. डांबरी रस्त्याने बेळगावला जाऊन आल्यावर अडल्याची नोंद एकच होती. दुसरे, ‘टक्’ व्हायचे तेव्हा हेडलाईट मंद होत नसत. आणि एका नोंदीत त्याने लिहिले होते : ‘ॲक्सिलरेटरच्या केबलजवळ करपल्याचा वास.’ हे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

आता किल्ली फिरवल्यावर काय होते ते पाहू. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. हवा सोळा ते बावीस पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि डिझेल पेटते. एवढ्या दाबाविरुद्ध इंजिन फिरवायचे म्हणजे सेल्फला दोनशे-तीनशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक वीज लागते. इतकी वीज किल्लीच्या नाजूक स्विचमधून नेता येत नाही. म्हणून दोन वाटा केलेल्या असतात. बारीक वायरची वाट बॅटरीपासून किल्लीकडे, तिथून रिलेमधून सेल्फच्या पाठीवर बसवलेल्या सोलेनॉइडकडे जाते. ती वीज मिळाली की सोलेनॉइडमधला दांडा ओढला जातो. तोच ‘टक्’ आवाज. दांडा एकीकडे सेल्फचे लहान दातेरी चाक, म्हणजे बेंडिक्स, फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकवतो आणि दुसरीकडे तांब्याची चकती दोन जाड टोकांवर दाबतो. मग जाड केबलच्या वाटेने मोठी वीज वाहते आणि सेल्फ फिरतो. पण एवढ्याने भागत नाही. वीज बॅटरीकडे परत आली पाहिजे. ती इंजिनाच्या लोखंडातून चॅसीमध्ये आणि तिथून काळ्या केबलने परत येते. यालाच आपण अर्थ म्हणतो. लोक तांबड्या केबलकडे दहा वेळा पाहतात आणि काळीकडे एकदाही पाहत नाहीत. आम्हीही त्यांतलेच.

(जाता जाता, ‘सेल्फ’ हे नाव का पडले? पूर्वी पुढून हँडल मारून इंजिन फिरवावे लागे, आणि ते उलटे फिरून माणसाचे मनगट मोडत असे. विजेवरचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत नेमाने बसवला गेला. तो चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याचा. गाडी आपली आपण सुरू होऊ लागली, म्हणून सेल्फ-स्टार्टर, आणि आपला ‘सेल्फ’.)

आपल्या विहिरीवरच्या मोटरीचे उदाहरण घ्या. बटण दाबण्यापूर्वी मीटर चांगले व्होल्टेज दाखवतो. बटण दाबताच काटा खाली कोसळतो, दिवा मिणमिणतो आणि मोटर नुसती गुणगुणते. मोटर उघडून पाहिली तर ती निर्दोष. दोष असतो खांबावरच्या सैल जोडात किंवा लांबच लांब बारीक वायरमध्ये. काम नसताना त्या जोडातून व्होल्टेज पुरेसे दिसते. ओढ लागली की ते जोडातच संपते. गाडीचे अगदी तसेच आहे. एखाद्या गंजलेल्या जोडाचा अडथळा ०.०१ ओहम, म्हणजे एका ओहमचा शंभरावा भाग, एवढाच असला तरी त्यातून २५० अँपिअर वाहू लागले की २.५ व्होल्ट तिथेच गिळले जातात. बारा व्होल्टच्या गाडीत ही मोठीच घट झाली. दिव्यांना मात्र थोडी वीज लागते, म्हणून ते झक्क पेटतात, आणि आपण म्हणतो, “बॅटरी तर चांगली आहे, मग सेल्फच गेला असणार!”

त्यामुळे गाडी अडली की प्रथम कान द्यावा. हेडलाईट लावून मग किल्ली फिरवावी आणि दुसऱ्या माणसाने दिव्यांकडे पाहावे. काहीच आवाज नाही आणि दिवे तसेच प्रखर राहिले, तर बारीक वायरची वाट तुटली आहे. किल्लीचा स्विच, रिले, क्लचजवळचा स्विच किंवा सोलेनॉइडवरची लहान पिन यांपैकी काहीतरी सैल झालेले असते. गवताच्या गंजीजवळ गाडी लावणाऱ्यांनी उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, तेही पाहावे. ‘टक-टक-टक-टक’ असा मशीनगनसारखा आवाज आणि दिवे विझत आल्यासारखे, म्हणजे बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी साचली आहे. एकच दणदणीत ‘टक्’ आणि दिवे तसेच, तर बारीक वाट ठीक. जाड केबल, इंजिनाचा अर्थ, सोलेनॉइडच्या आतली टोके किंवा सेल्फचे कार्बन, यांवर संशय घ्यावा. सेल्फ नुसताच भिरभिरला किंवा करवतीसारखा किरकिरला, तर बेंडिक्स नाही तर रिंगचे दात. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक दोन जागांपैकी एका जागीच थांबते. म्हणून रिंगचे दात त्या दोनच जागी झिजतात आणि दोष कधी दिसतो, कधी नाही. अशा वेळी किल्ली काढून, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून थोडी पुढेमागे हलवावी. नंतर न्यूट्रल करून सेल्फ मारल्यावर तो लागला, तर निदान झालेच.

सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, हा प्रकार वेगळा. तो डिझेलचा, हवेचा किंवा हीटर प्लगचा दोष. त्यासाठी सेल्फ खोलून घेऊ नये.

पुतण्याने बाजारातून काही शे रुपयांचा मीटर आणला. त्याचे बटण डीसी २० व्होल्टवर ठेवायचे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड. दादांचे प्लास्टर समोर होते, त्यामुळे यात हयगय झाली नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीने १२.६ व्होल्ट दाखवले. म्हणजे ती पूर्ण भरलेली. १२.२ च्या आसपास असती तर निम्मीच भरलेली समजावी. इंजिन सुरू असताना १४.१ आले, साधारण १३.८ ते १४.४ असले की अल्टरनेटर चार्ज करतो असे मानायला हरकत नाही. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर ९.६ च्या खाली जाऊ नये. तेही ठीक होते.

मग खरी परीक्षा. गाडी शेताच्या वाटेवर फिरवून आणली, बंद केली, आणि ती अडेपर्यंत धीर धरला. पाचव्या वेळी ‘टक्’ झाले. पुतण्या बॉनेटपाशी बाजूला, चाकापासून दूर. मी आत, पाय ब्रेकवर. त्याने मीटरची एक सळई बॅटरीच्या तांबड्या खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या मोठ्या नटावर धरली. सळई केबलच्या चिमट्यावर नव्हे, शिशाच्या खुंटीवरच धरावी. नाहीतर चिमट्याखालचा गंज मोजमापातून निसटतो. मी दोन-तीन सेकंद किल्ली फिरवली. या बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट नसावी. आमच्याकडे जवळजवळ काहीच दिसली नाही. मग एक सळई बॅटरीच्या काळ्या खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. इथे फार तर ०.२ किंवा ०.३ व्होल्ट यायला हवेत. मी किल्ली फिरवली आणि पुतण्या ओरडला, “काका, सहा!”

सहा व्होल्ट! अर्धी बॅटरी परतीच्या वाटेवरच संपत होती, आणि आम्ही सेल्फला बोल लावत होतो.

खात्री करण्यासाठी एका गाडीची बॅटरी दुसरीला जोडायची जाड जंपर केबल घेतली. तिचे एक टोक बॅटरीच्या काळ्या खुंटीला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट लावले. किल्ली फिरवली. इंजिन एका दमात सुरू झाले. केबल काढली, गाडी बंद केली, पुन्हा ‘टक्’. पुन्हा लावली, पुन्हा सुरू. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांना एवढी एक तपासणी पुरेशी आहे.

आमच्या गाडीत बॅटरीची काळी केबल चॅसीला जाते, आणि चॅसीपासून गिअरबॉक्सला तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी असते. इंजिन रबरी गाद्यांवर बसलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून ही पट्टी. चिखलाचा बोटभर थर खरवडल्यावर ती सापडली. चॅसीकडच्या टोकाचा बोल्ट गंजलेला, लग सैल, आणि निम्म्याहून अधिक तारा तुटलेल्या. खडबडीत वाटेवर इंजिन हलले की उरलेल्या तारा कधी टेकत, कधी सुटत. नवी बॅटरी ताकदीची, तिने या अडथळ्यावर थोडे दिवस मात केली. सेल्फ काढताना-बसवताना पट्टी हलली, म्हणून आणखी थोडे दिवस मिळाले. आणि तो करपल्याचा वास? मुख्य वाट बंद झाल्यावर वीज दुसरी वाट शोधते. इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी दुसरी धातूची वस्तू म्हणजे ॲक्सिलरेटरची केबल! तिच्यातून ती मोठी वीज जाऊ लागली, केबल तापली आणि तिचे वेष्टण करपले. पोराने उत्तर वहीत लिहून ठेवले होते. वाचणाऱ्या मास्तरालाच ते कळले नाही.

नवी पट्टी, दोन लग आणि दातेरी वायसर आणले. दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चांदीसारखा चकचकीत केला, बोल्ट आवळले आणि वरून ग्रीसचा हात फिरवला, म्हणजे पाणी लागत नाही. पुन्हा मोजले. ०.१ व्होल्ट.

सर्वांच्या गाडीत पट्टीच दोषी असेल असे नाही. चालून चालून जुन्या झालेल्या डिझेल गाड्यांत सोलेनॉइडच्या आतली तांब्याची टोके झिजणे हे पुष्कळदा आढळते. दर वेळी तिथे ठिणगी पडते, खड्डे होतात, आणि दहा ‘टक्’ झाल्यावर अकराव्या वेळी चकती नीट टेकते. केबली आणि अर्थ ठीक असतील, दिवे प्रखर राहत असतील आणि तरीही ‘टक्’ होत असेल, तर सोलेनॉइडच्या दोन मोठ्या नटांवर मीटरच्या सळया धराव्यात. किल्ली न फिरवता तिथे बारा व्होल्ट दिसतात, त्याने घाबरू नये. किल्ली फिरवून ‘टक्’ झाल्यावर ते जवळजवळ शून्यावर यायला हवेत. बाराच राहिले तर टोके झिजली. कित्येक सेल्फमध्ये ही टोके आणि चकती सुटी मिळतात, आणि पुरा सेल्फ बदलण्यापेक्षा ती फार स्वस्त पडतात. कारागिराला तसे स्पष्ट विचारावे. सेल्फवर हलके ठोकल्यावर तो फिरत असेल, तर कार्बन संपत आले आहेत असे समजावे. मात्र ठोकणे हे निदान आहे, इलाज नव्हे. शिवाय आजकालच्या काही सेल्फमध्ये लोहचुंबक असतात, ते जोरात मारल्यास फुटतात. पहाटे नीट सुरू होणारी गाडी बाजारातून निघताना, इंजिन तापल्यावर, रडतखडत फिरत असेल तर तेही लिहून ठेवावे. तांबे तापले की त्याचा अडथळा वाढतो. पन्नास अंशांनी तापले तर सुमारे एक पंचमांश वाढतो. आधीच दुबळ्या झालेल्या सेल्फला किंवा केबलला तेवढे निमित्त पुरते.

एका दमात पाच-दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये आणि मध्ये दोन मिनिटे थांबावे. नाहीतर चांगला सेल्फही जळतो. ढकलून सुरू करणे ही तात्पुरती सोय. अलीकडच्या इलेक्ट्रॉनिक पंपाच्या गाड्या बॅटरी साफ उतरली असेल तर ढकलूनही सुरू होत नाहीत, आणि भरलेली गाडी ढकलताना घसरून पडलेले आणि कंबर धरून बसलेले लोक मी पाहिले आहेत. आधी माल उतरवा.

बॅटरीशी काम करताना काही गोष्टी जिवाच्या आहेत. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो ठिणगीने भडकतो आणि बॅटरी फुटते. म्हणून जवळ बिडी-काडी नको. केबल सोडताना काळी आधी, लावताना काळी शेवटी. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करताना शेवटचा चिमटा बॅटरीवर न लावता इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून लांब लावावा. (पट्टी तपासण्यासाठी आम्ही काळ्या खुंटीला केबल लावली, तेव्हाही खुंटीचे टोक आधी आणि इंजिनाचे नंतर.) हातातली अंगठी, घड्याळ, बांगड्या आणि गळ्यातली क्रूसाची साखळी आधी काढून ठेवावी. लग्नाची अंगठी निघत नाही म्हणून तशीच काम करणारे खूप आहेत. अंगठी पाना आणि बॅटरीची खुंटी यांच्यामध्ये सापडली तर ती क्षणात लाल होते आणि बोट हाडापर्यंत भाजते.

बॅटरीतले पाणी म्हणजे गंधकाम्ल. डोळ्यात उडाले तर एक क्षणही न दवडता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली, पापण्या उघड्या धरून, निदान वीस मिनिटे डोळा धुवावा आणि मग थेट डॉक्टरकडे जावे. डोळ्यात सोडा, दूध, तूप असले काही घालू नये. कातडीवर उडाले तर भिजलेला कपडा काढून भरपूर पाण्याने धुवावे. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टर्मिनलवरची बुरशी धुण्यासाठी वापरावा, तोही बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ न देता. ती बुरशी आणि शिशाची भुकटी हाताला लागलेली असते. साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला किंवा लहान मुलाला हात लावू नये.

दादा आता पूर्वीसारखे चालतात, चिखलात मात्र उजवा पाय जपून टाकतात. गाडी लावली की हँडब्रेक, आणि चाकाखाली दगड. दगड गाडीतच असतो. मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, पुतण्या खाली शिरून पट्टी घासतो आणि मी किल्ली फिरवून आकडा लिहितो. वही अजून स्टेअरिंगजवळ बांधलेली आहे. तिच्यात आता बहुतेक डिझेलचा हिशेब असतो.